राजी करणं आणि गळी उतरवणं

उत्साही : कार्यालयातली निम्मी कामं नीट न सांगितल्यामुळे अडतात, असं माझं मत आहे आणि नव्या मुलांना शिकवताना ते रोज पक्कं होत जातं. लातूर, सांगली, जळगावहून मुलं म्हैसूरला प्रशिक्षणाला येतात. हुशार असतात, कामाला वाघ असतात. पण काल काय बिघडलं आणि आज काय लागेल ते तीन वाक्यांत सांगा म्हटलं, की गाडी पहिल्या दिवसापासून सुरू होते. बरं, हे काही फक्त मुलांचं नाही. आपल्याकडच्या सरकारी पत्राचा नेहमीचा नमुना घ्या : 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गळतीबाबत वेळोवेळी निदर्शनास आणून देण्यात आले असून, याबाबत योग्य ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.' गळती कुठे आहे? कोणी पाहिली? कार्यवाही कोणी करायची, कधीपर्यंत? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आता हेच असं लिहा : 'तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षाच्या उत्तरेकडच्या भिंतीतून पाणी झिरपतं आहे. जुने फेरफार तिथेच ठेवले आहेत. बांधकाम उपविभागाने शुक्रवारपर्यंत पाहणी करावी. पावसाआधी दुरुस्ती झाली नाही तर कागद भिजतील.' चार वाक्यं, आणि काम मार्गी. हे शिकवता येतं, शिकता येतं. मग ते शिकवायला लोक एवढे का लाजतात, हे मला कळत नाही.

शंकेखोर : पहिलं पत्र लिहिणाऱ्याला दुसरं लिहिता येत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंत. मी नोकरीभर नस्त्या हाताळल्या आहेत, म्हणून सांगतो : त्याला उत्तम येतं. घरी दुधाचा हिशेब सांगताना किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी करताना तो माणूस एकही शब्द वाया घालवत नाही. त्या पत्राचं काम गळती थांबवणं हे नाहीच. गळतीची जबाबदारी आपल्या टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकवणं हे त्याचं काम, आणि ते ते चोख करतं. 'करण्यात यावी' म्हटलं की करणारा कोणीच उरत नाही. 'वेळोवेळी' म्हटलं की तारीख विचारता येत नाही. उद्या कागद भिजले, तर याच्या हातात पत्राची स्थळप्रत आहे. वरच्या साहेबाचंही तसंच. त्याला निर्णय घ्यायचा नसतो, तेव्हा तो समासात 'चर्चा करावी' असा शेरा मारतो. चर्चा कोणी, कोणाशी, कशावर करायची, हे कोणी विचारत नाही, कारण त्या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. तेव्हा संदिग्धता हा अज्ञानाचा रोग असेल तर तुमच्या कार्यशाळेचं औषध लागू पडेल. ती शहाणपणाची सवय असेल तर काय कराल? आणि त्यात तुम्ही नुसतं 'स्पष्ट बोला' म्हणत नाही, 'पटवून द्या' असंही शिकवता. ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

उत्साही : धोक्याचं कसलं? पटवून देणं म्हणजे फसवणं, असं तुम्ही आधीच धरून चालला आहात. फार लांब जायला नको, इथे देवराज मोहल्ल्यातच पाहा. चिक्क गडियाराच्या, म्हणजे छोट्या घड्याळ-मनोऱ्याच्या, शेजारून देवराज मार्केटमध्ये शिरा. केळ्यांच्या बाजूला कधी उभे राहा आणि नंजनगुडची रसबाळे विकणाऱ्याचं बोलणं ऐका. गिऱ्हाईक घडाला हात घालतं. तो म्हणतो, हा आज खाऊ नका, परवा तयार होईल. आज खायचा असेल तर हा घ्या. सालीवर डाग आहेत, पण आतून गोड आहे. पूजेला हवा असेल तर मात्र डागाचा नको, तो पलीकडचा न्या, महाग पडेल. एवढंच. आधी विचारलं कशासाठी हवंय, मग मालातला दोष स्वतःच सांगितला, मग भाव. भाषा मोडकीतोडकी हिंदी, अर्धी कानडी, आणि समोरचा पुण्याचा पर्यटक. तरी सौदा होतो आणि दोघंही खूश. लाखो रुपयांचे सल्लागार जे स्लाइडवर मांडतात, ते सगळं यात आहे : ऐकणाऱ्याची गरज ओळखा, अडचण लपवू नका, पर्याय द्या, किंमत सांगा. स्पष्ट सांगणं आणि पटवणं इथे वेगळं काढूनच दाखवता येत नाही. दोष सांगितला म्हणून तर विश्वास बसला!

शंकेखोर : उदाहरण छान आहे, पण त्यातली मुख्य गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. तो केळीवाला उद्याही तिथेच बसणार आहे. मोहल्ल्यातली बाई रोज त्याच्याकडून घेते. केळं कच्चं निघालं तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत ऐकवेल. पुण्याच्या पर्यटकाला तो खरं सांगतो, ते याच रोजच्या सवयीने. त्याच्या खरेपणाचं कारण त्याच्या संवादकौशल्यात शोधू नका, त्याच्या बसण्याच्या जागेत शोधा. आता कार्यालय पाहा. प्रस्ताव मांडणारा अधिकारी बदलीवर जातो. महाराष्ट्रात २००५चा एक कायदा आहे. बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध, दोन्ही एकाच अधिनियमात. त्यात एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे. नेक हेतूने ठरवला, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचं धरण, रस्ता किंवा संगणक प्रणाली उभी राहायला दहा वर्षं लागतात, त्याने ती पटवून देऊन तीन वर्षांत निघून जायचं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. खासगी कंपनीत तर दोन वर्षांत माणूस दुसरीकडे. पटवणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी जिथे फारकत होते, तिथे तुम्ही पटवण्याची कला शिकवता. हा माझा आक्षेप आहे.

उत्साही : मान्य. फारकत आहे. पण मग पटवणंच सोडून द्यायचं का? तसं केलं असतं तर या म्हैसूरला पाणी मिळालं नसतं. मार्केटच्या टोकाला के. आर. सर्कलमध्ये ज्यांचा पुतळा उभा आहे, त्या नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या काळातलीच गोष्ट घ्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९०९मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. त्याआधी ते आपल्याकडचेच. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकी शिकलेले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात धुळे, नाशिक, पुण्यात वाढलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणारे. कन्नंबाडीला कावेरीवर धरण बांधायचं त्यांच्या मनात होतं. संस्थानच्या मानाने खर्च प्रचंड होता, आणि खजिना सांभाळणाऱ्यांना धडकी भरणं स्वाभाविक होतं. नुसतं 'शेतीला पाणी मिळेल' म्हणून भागलं नसतं. पण शिवनसमुद्रला १९०२पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची. धरणातून बारमाही पाणी सोडलं तर वीज वाढेल, खाणी ती विकत घेतील आणि उत्पन्न लगेच सुरू होईल, असं त्यांनी दाखवून दिलं. शेतकऱ्याचं पाणी, खाणीची वीज आणि खजिन्याचं उत्पन्न एकाच कागदावर आलं, आणि १९११मध्ये मंजुरी मिळाली. याला तुम्ही काय म्हणाल? चलाखी? मी याला ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बोलणं म्हणतो.

शंकेखोर : मीही तेच म्हणतो. फक्त पुढचं पान उलटतो. त्या खोलीत महाराज होते, दिवाण होते, खजिना होता, खाणींचा हिशेब होता. खोलीत मद्रास नव्हतं. खाली कावेरीच्या खोऱ्यात भात पिकवणारा तंजावरचा शेतकरी नव्हता. मद्रासने हरकत घेतली. प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे गेलं, आणि परवानगी मिळाली ती ११ टीएमसी साठ्याच्या धरणाला. पाया मात्र घातला गेला तो मूळ आराखड्यातल्या ४१.५ टीएमसीला पुरेल असा. अभियंता म्हणून ती दूरदृष्टी होती, वाद नाही. उद्या उंची वाढवायची तर पाया पुन्हा थोडाच घालता येतो? पण 'स्पष्ट बोला'च्या तुमच्या पहिल्या धड्यात ते बसतं का? लवाद नेमला गेला, १९१४मध्ये त्याचा निवाडा आला, वाद पुढे चालू राहिला, १९२४मध्ये पन्नास वर्षांचा करार झाला. १९९०मध्ये न्यायाधिकरण नेमावं लागलं, २००७मध्ये त्याचा निर्णय आला आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार केला. सगळं खापर मी त्या एका पायावर फोडत नाही. नदीचे वाद त्याहून जुने आणि गुंतागुंतीचे असतात. पण जे कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेलं, त्या गावच्या माणसासाठी त्या सुंदर कागदावर कोणता रकाना होता? ज्याला पटवायचं त्याच्या जागी जाऊन तुम्ही बोलता. ज्याला पटवण्याची गरजच पडत नाही, त्याच्या जागी कोण जातं?

उत्साही : हा प्रश्न मला झोंबला, आणि तो योग्य आहे. पण त्याचं उत्तर त्याच माणसाच्या आधीच्या कामात सापडतं. १८९९च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुण्याला कार्यकारी अभियंता होते. नीरेच्या कालव्यावर तेव्हा काय व्हायचं? मुखाजवळचे बागायतदार पाणी ओढून घ्यायचे, रान पाणथळ व्हायचं, डास, हिवताप, आणि शेवटच्या गावांना ठणठणाट. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी मुखाशी न साठवता अधिक गावांत विभागून द्यायचं, एका ब्लॉकमध्ये तिसरा हिस्सा ऊस, बाकी भात आणि हलकी पिकं, आणि दर वर्षी पिकांची फेरपालट. ज्यांचं पाणी कमी होणार ते चिडणार, हे उघड होतं. शेतकऱ्यांना संशय होता की सरकार आपला हक्क काढून घेतंय. इथे खाणमालकाला पटवून भागणार नव्हतं. ज्याच्या बांधावर पाणी थांबणार, त्यालाच पटवायला हवं होतं. वेळ लागला, पण ती पद्धत टिकली, पुढे सिंचन आयोगानेही तिची दखल घेतली. म्हणजे पटवण्याचा दोष नाही, कोणाला पटवायचं ही यादी अपुरी ठेवण्याचा दोष आहे. आणि न पटवता आल्यामुळे जे होतं तेही विसरू नका. चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीची, २७ जानेवारी १९८६ची गोष्ट आठवा. थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबराची कडी आखडेल आणि सांधा गळेल, हे अभियंत्यांना दिसत होतं. फोनवर बैठक झाली, तक्ते फॅक्सने गेले. पण तापमान आणि बिघाड यांचा संबंध, बिघाड झालेली आणि न झालेली सगळी उड्डाणं मिळून, एकाही तक्त्यावर मांडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात माणसं गेली. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला, आणि साऱ्या जगाला एका क्षणात कळलं. तेच प्रात्यक्षिक आदल्या रात्री झालं असतं तर?

शंकेखोर : तर काहीही झालं नसतं, असं मला वाटतं. कारण तुम्ही त्या बैठकीचा उत्तरार्ध सांगितला नाहीत. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाण करू नका, अशी शिफारस साफ शब्दांत केली होती. आधीच्या सगळ्यांत थंड उड्डाणाच्या वेळी सांधे सुमारे १२ अंश सेल्सियसला होते, त्याच्या खाली जाऊ नका, असा आकडाही दिला होता. याहून स्पष्ट काय असतं? पलीकडून, यान उडवणाऱ्यांकडून, नाराजी आली. मग कंपनीचे व्यवस्थापक फोन बंद करून आपापसांत बोलले, अभियांत्रिकी प्रमुखाला आता व्यवस्थापकाच्या नजरेने बघायला सांगण्यात आलं, आणि शिफारस फिरली. त्या खोलीत कमी पडला तो तक्ता नव्हता. 'नाही' म्हणणाऱ्याचं 'नाही' धरायचं की नाही, हा प्रश्न होता, आणि तो खुर्चीने सोडवला. तुम्ही त्या अभियंत्यांना कार्यशाळेला बसवणार, म्हणजे त्या मृत्यूंचा दोष घसा बसेपर्यंत ओरडलेल्यांवर टाकणार. आपलं पानशेत घ्या. १९६१च्या जुलैत, धरणाचं काम पुरं व्हायच्या आधीच पाणी अडवलेलं होतं. भराव खचायला लागला, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. म्हणजे धोका ज्यांना कळायला हवा त्यांना कळलेला होता. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं, आणि पुण्याच्या पेठांमधली माणसं रोजच्या कामाला लागलेली होती. पोती रचणाऱ्याला जे डोळ्यांनी दिसत होतं, ते नदीकाठच्या माणसाला वेळेवर आणि साध्या शब्दांत पोचलं नाही. वर पटवण्याची घाई असते. खाली सांगण्याची कोणालाच नसते.

उत्साही : बरं, मग खुर्चीपुढे लहान माणसाने करायचं काय? गप्प बसायचं? मला तरी लिहिण्याशिवाय दुसरं हत्यार दिसत नाही. त्या अभियंत्यांची शिफारस लेखी होती, ती चौकशी आयोगापुढे आली. आपल्याकडे २००५चा माहितीचा अधिकार आहे. त्याच्या चौथ्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती आपण होऊन प्रसिद्ध करायची, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कारणं द्यायची. अर्ज आल्यावर द्यायची असं नाही, आपण होऊन. तुम्ही मघाशी विचारलंत ना, न बोलावलेल्याच्या जागी कोण जातं? कायद्याने त्याला जागा दिली आहे. ती भरायला चांगलं लिहिणारा कारकून लागतो. 'करण्यात यावी' लिहिणाऱ्याच्या हातून कारणं लोकांपर्यंत जाणार कशी? म्हणून म्हणतो, स्पष्ट टिप्पणी हा दुबळ्याचा आधार आहे. आणि ती आटोपशीर हवी. १९४०च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडवर बॉम्ब पडत असताना, चर्चिल यांनी वेळ काढून मंत्रिमंडळाला लेखी सूचना दिली की अहवाल थोडक्यात लिहा, मुद्दे मांडा, तपशील परिशिष्टात टाका. युद्धात ज्याला हे महत्त्वाचं वाटलं, त्याला वेळेची किंमत कळत होती.

शंकेखोर : परिशिष्ट! माझ्या नोकरीत मी जे जे गाडलेलं पाहिलं, ते परिशिष्टात गाडलेलं पाहिलं. वरच्या पानावर तीन ठसठशीत मुद्दे, आणि 'जमीन संपादनास स्थानिकांचा विरोध आहे' ही ओळ परिशिष्ट 'ड'मध्ये अकराव्या क्रमांकावर. साहेबाने सही केली तर तो निर्दोष, कारण त्याच्यापुढे पहिलं पान होतं. लिहिणारा निर्दोष, कारण त्याने लिहिलं होतं. लांबलचक लिहून लपवता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात लिहून त्याहून सफाईने लपवता येतं. आणि माहितीच्या अधिकारानंतर टिप्पण्या स्पष्ट झाल्या असं तुम्हाला खरंच वाटतं? मला तर दिसलं की लोक जास्त सावध लिहायला लागले. खरं ते तोंडी, कागदावर शुद्ध मराठी. उद्या कोणी वाचेल, या भीतीने माणूस खरंही लिहितो आणि पोकळही लिहितो. कोणतं लिहील, ते त्याच्या पाठीशी कोण उभं आहे यावर ठरतं. ते कौशल्याने येत नाही.

उत्साही : कौशल्याने येत नाही, पण रिवाजाने येतं. आणि असा रिवाज आपल्या राज्यकारभारात होता. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५च्या सुमाराचं. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल जे सांगितलंय ते कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा मला मोठं वाटतं. जहाजांना लाकूड तर हवंच. आंबा, फणस ही झाडं उपयोगाची. पण ती तोडू नयेत, कारण अशी झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालं असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये. बघा, यात गरज काय ते स्पष्ट आहे, मर्यादा स्पष्ट आहे, कारण दिलं आहे, पैसे द्यायचे आहेत, आणि राजी करायचं आहे. सत्ता पूर्ण हातात असताना राजी करायला सांगितलंय. मी जे पटवणं शिकवू पाहतो, ते हे.

शंकेखोर : हे तुम्ही बोललात आणि आपला वाद पहिल्यांदा नेमक्या जागी आला. झाडाचा धनी 'नाही' म्हणू शकत होता. म्हणूनच त्याला राजी करणं याला अर्थ होता. ज्याला नकार देता येत नाही, त्याला राजी करता येत नाही. त्याच्या फक्त गळी उतरवता येतं. आता ही कसोटी घेऊन पुन्हा मोहल्ल्यात या. २०१२मध्ये जवळची लॅन्सडाउन इमारत ढासळली, माणसं दगावली. २०१६च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचाच उत्तरेकडचा भाग कोसळला. तेव्हापासून दोन बाजू. वारसा जपणारे जाणकार म्हणतात, शतकाहून जुनी वास्तू आहे, चुन्याचं काम आहे, नीट दुरुस्त करा, उभी राहील. दुसऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं, धोकादायक झाली आहे, पाडा आणि त्याच घाटाची नवी बांधा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. दोन्ही बाजूंची मांडणी मुद्देसूद आणि पटण्यासारखी आहे. तुमच्या कार्यशाळेत दोघांनाही पैकीच्या पैकी गुण मिळतील. आणि तो तुमचा केळीवाला? तो महापालिकेचा भाडेकरू. त्याचा प्रश्न एकच : पाडलं तर काम होईपर्यंत मी बसू कुठे, आणि परत आल्यावर माझा गाळा आणि माझं भाडं काय असेल? चुना की सिमेंट या वादात हा प्रश्न नेहमी दुसऱ्या पानावर जातो. संवाद भरपूर झाला, आणि तो झाला तज्ज्ञांचा तज्ज्ञांशी.

उत्साही : मग त्याचा प्रश्न पहिल्या पानावर आणणं, हेच स्पष्ट लिहिणाऱ्याचं काम नाही का? तुम्ही मला दोन तासांपासून माझ्या धंद्याचे दोष दाखवताय, आणि दर वेळी दोष तिथेच सापडतो, जिथे कोणीतरी एक वाक्य लिहायचं टाळलं. मद्रासला पायाबद्दलचं वाक्य. नदीकाठच्या पेठांना भरावाबद्दलचं वाक्य. गाळेवाल्यांना भाड्याबद्दलचं वाक्य. चला, मी माझ्या मुलांना एक नियम घालून देतो. कोणत्याही प्रस्तावात एक ओळ सक्तीची : हे चुकलं तर कोणाला भोगावं लागेल, आणि त्याला आपण कळवलं आहे का? होय किंवा नाही. पण ती ओळ मी पहिली ठेवणार नाही. आधी गरज सांगेन, मग फायदा, मग ही ओळ, मग खर्च. धोक्याने सुरुवात केली तर कोणतीही चांगली गोष्ट मंजूर होत नाही. कन्नंबाडीच्या कागदावर पहिली ओळ 'मद्रासचा विरोध आहे' अशी असती, तर त्या धरणाच्या पाण्यावर भिजणारं मंड्याचं रान आजही कोरडं असतं. हे तुम्हाला नाकारता येणार नाही.

शंकेखोर : नाकारत नाही. मंड्याचा ऊस मीही पाहिला आहे, आणि त्या पाण्यावर जगलेल्या घरांना माझा हा तात्त्विक आक्षेप ऐकवायची माझी हिंमत नाही. पण मी त्या ओळीला पहिलीच जागा देईन. ती मधे गेली की तिच्याभोवती फायदे रचले जातात आणि वाचणारा तिच्यावरून घसरून पुढे जातो. आज मधे, उद्या शेवटी, परवा परिशिष्ट 'ड'मध्ये. तुम्ही म्हणता, त्यामुळे काही चांगल्या गोष्टी मंजूर होणार नाहीत. होणार नाहीत. काही वाईट गोष्टीही होणार नाहीत. कोणत्या जास्त, हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. यावर आपलं एकमत होईल असं दिसत नाही, आणि व्हायला हवं असंही नाही. ओळ कुठे घालायची यावर वाद चालू दे. ती नसलेल्या कागदावर मात्र कोणी सही करू नये.